इटलीतले एका क्लबचे होऊन राहिलेले फुटबॉलपटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्दिनी, तोत्ती, रिवा यांच्याबद्दल काही लिहिलं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. काही अगदी नव्या चाहत्यांचे असतात, काही वर्षानुवर्षं रात्री जागून सेरी ए, म्हणजे इटलीची अव्वल लीग, बघणाऱ्यांचे. ते सगळे इथे एका जागी आणले आहेत. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, वादाचे पुढे.

१. इटलीत 'बांदिएरा' म्हणतात तो नेमका कोण?

क्लबचा झेंडा झालेला खेळाडू. वर्षानुवर्षं एकाच रंगाच्या जर्सीत खेळलेला, ज्याचं नाव घेतल्याशिवाय त्या क्लबबद्दल बोलताच येत नाही असा. तो कप्तानच असायला हवा असं नाही. दानिएले दे रोस्सी रोमाचा कायमचा कप्तान झाला तो २०१७ मध्ये तोत्ती निवृत्त झाल्यावर, म्हणजे शेवटची दोनच वर्षं. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्याला 'भावी कप्तान' म्हणत होते आणि झेंड्याचा मान देत होते.

गोलामागच्या गॅलरीला तिकडे 'कुर्वा' म्हणतात. तिथे उभं राहणारा माणूस तुम्हाला सामन्यांचा आकडा सांगत बसणार नाही. तो सांगेल, अमक्या साली याला जाता आलं असतं, पण गेला नाही. माझंही माप तेच आहे आणि पुढच्या उत्तरांत मी तेच लावलं आहे.

२. एकाच क्लबकडून सर्वांत जास्त सामने कुणाचे?

इटालियन खेळाडूंत पाओलो माल्दिनीचे. एसी मिलानकडून ९०२. २० जानेवारी १९८५ ला उदिनेझेविरुद्ध सोळाव्या वर्षी तो पहिल्यांदा उतरला आणि २००९ ला थांबला. त्याच्यामागे फ्रांचेस्को तोत्ती (रोमा, ७८६), ज्युसेप्पे बेर्गोमी (इंटर, ७५६), फ्रांको बारेसी (मिलान, ७१९) आणि आलेस्सांद्रो देल पिएरो (युव्हेंटस, ७०५). इंटरच्या हाविएर झानेत्तीचे ८५८ आहेत, पण तो अर्जेंटिनाचा.

३. आधी किंवा नंतर दुसऱ्या क्लबकडून खेळला असेल तर तो बाद का?

नाही. काटेकोर नियम लावला तर माल्दिनी, बारेसी, तोत्ती, बेर्गोमी, फाक्केत्ती राहतील आणि रिवासारखा माणूस बाहेर जाईल. तो आधी लेन्यानोकडून खेळला होता. गाएतानो शिरेआ आतालांतातून युव्हेंटसमध्ये आला. आज तूरिनच्या स्टेडियममधला कुर्वा त्याच्या नावाने आहे. शेवटची एक-दोन वर्षं कुणी परदेशात खेळून आला, तर त्याचंही चाहत्यांना फारसं वाटत नाही. राग येतो तो ऐन भरात असताना आणि थेट प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याचा. त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

४. जिजी रिवा सार्डिनियाचा नव्हता. मग तिथले लोक त्याला इतकं आपला का मानतात?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

रिवा लोंबार्दीतल्या लेज्जुनोचा, माज्जोरे सरोवराकाठचा. लहानपणीच आईवडील गेले, धार्मिक संस्थेच्या वसतिगृहात दिवस काढले. १९६३ मध्ये अठराव्या वर्षी तो सार्डिनियातल्या काल्यारीला आला तेव्हा संघ सेरी बीत, म्हणजे दुसऱ्या स्तरावर, होता आणि त्याला तिथे जायचंच नव्हतं. त्या काळात उत्तरेकडच्या लोकांना सार्डिनिया म्हणजे शिक्षेवर पाठवायची जागा वाटे. बेटावर काम नव्हतं, तरुण तूरिनच्या कारखान्यांत नाहीतर जर्मनीत जात. उत्तरेतल्या मैदानांवर काल्यारीच्या पोरांना 'मेंढपाळ', 'दरोडेखोर' म्हणून हिणवलं जायचं. लेज्जुनोचा हा मुलगा ते बेटावरच्या माणसांइतकंच ऐकत होता.

पुढच्याच वर्षी काल्यारी सेरी एमध्ये चढलं. १२ एप्रिल १९७० ला बारीला २-० हरवून त्यांनी लीग जिंकली. त्याआधी बेटावर स्कुदेत्तो, म्हणजे लीगचं विजेतेपद, कधी आला नव्हता, त्यानंतरही आलेला नाही. त्या हंगामात ३० सामन्यांत संघाने फक्त ११ गोल खाल्ले आणि रिवाने २१ गोल केले. तीन वेळा तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. इटलीकडून ४२ सामन्यांत ३५ गोल, हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. दोनदा त्याचा पाय मोडला, दोन्ही वेळा देशाकडून खेळताना.

युव्हेंटसने त्याच्यासाठी थैली मोकळी सोडली होती. क्लबला पैसा हवा होता, सौदा होण्यासारखा होता. रिवा नाही म्हणाला. ज्या बेटावरून प्रत्येक घरातला कुणीतरी पोटासाठी उत्तरेला जात होता, तिथे उत्तरेचा एक मुलगा तिकडच्या सर्वांत श्रीमंत क्लबला नकार देऊन राहिला. मला तरी यापुढे काही समजावून सांगायची गरज वाटत नाही.

१९७६ मध्ये दुखापतीने खेळ थांबला, तरी तो काल्यारीतच राहिला. राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक म्हणून वीसेक वर्षं जगभर फिरला आणि घरी परतला तो काल्यारीलाच. २२ जानेवारी २०२४ ला तिथेच त्याचं निधन झालं, ७९ व्या वर्षी. बोनारियाच्या बॅसिलिकासमोर हजारो माणसं जमली होती. त्यातल्या कित्येकांनी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलंही नव्हतं.

५. पूर्वी खेळाडूला क्लब सोडायचा हक्कच नव्हता म्हणे. मग जुन्यांच्या निष्ठेचं कौतुक कशाला?

आक्षेप बरोबर आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. १९८१ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्यापर्यंत इटलीत खेळाडू क्लबला बांधलेला असायचा. करार संपला तरी सुटका नव्हती. ते बंधन टप्प्याटप्प्याने १९८६ पर्यंत गेलं. पुढे १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाचा बोसमान निकाल आला आणि करार संपलेला खेळाडू कुठलंही शुल्क न देता दुसऱ्या क्लबात जाऊ लागला.

त्यामुळे साठच्या दशकातला एखादा खेळाडू पंधरा वर्षं एका जागी राहिला, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. क्लबने विकला नाही, एवढंच कळतं. पण तारांकित खेळाडू ठामपणे नाही म्हणाला तर सौदा तेव्हाही मोडत असे. रिवाचा नकार म्हणूनच मोलाचा आहे. बारेसीचंही तसंच. १९८० मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात मिलानला सेरी बीत ढकललं गेलं, १९८२ मध्ये संघ खेळूनच खाली गेला. बारेसी तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि त्याच उन्हाळ्यात विश्वविजेत्या इटलीच्या चमूत होता, जरी त्याला सामना मिळाला नाही. दोन्ही वेळा तो मिलानबरोबर खाली उतरला. दुसऱ्यांदा तर कप्तान म्हणून.

६. २००६ मध्ये युव्हेंटस खाली गेलं तेव्हा कोण राहिलं, कोण गेलं?

मोठ्या नावांपैकी बुफॉन, देल पिएरो, कामोरानेझी, नेदवेद आणि त्रेझेगे राहिले. कान्नावारो आणि एमेर्सन रेआल माद्रिदला गेले, झाम्ब्रोत्ता आणि थुराम बार्सिलोनाला, इब्राहिमोविच आणि व्हिएरा इंटरला.

तारखा बघा. ९ जुलै २००६ ला बर्लिनमध्ये इटलीने विश्वचषक जिंकला. ९ सप्टेंबरला, बरोबर दोन महिन्यांनी, बुफॉन रिमिनीच्या छोट्याशा मैदानावर सेरी बीचा सामना खेळत होता. तो १-१ बरोबरीत सुटला. पंचांच्या नेमणुकांच्या घोटाळ्याची शिक्षा म्हणून संघाला खाली ढकललं होतं, शिवाय गुणही कापले होते. अपिलानंतर वजाबाकी नऊवर आली. देल पिएरोने त्या हंगामात २० गोल करून सेरी बीत पहिला क्रमांक पटकावला आणि संघ अव्वल राहून वर आला. दोन वर्षांनी, ५ नोव्हेंबर २००८ ला, त्याने माद्रिदच्या बेर्नाबेऊत दोन गोल केले आणि रेआलच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. युव्हेंटसच्या चाहत्याला दोन्ही आठवणी एकत्रच येतात.

७. हे सगळं मोठ्या क्लबांचंच आहे का? छोट्या गावांत कुणी नाही?

उलट तिथेच जास्त आहे, फक्त कॅमेरे पोचत नाहीत.

पार्मा २०१५ मध्ये दिवाळखोरीत बुडालं. नव्या नावाने नोंदणी होऊन थेट चौथ्या स्तरावर, सेरी डीत, फेकलं गेलं. जुन्या संघातला एकच माणूस राहिला, कप्तान आलेस्सांद्रो लुकारेल्ली. जन्माने लिव्होर्नोचा, वय अडतीस. २०१६, २०१७, २०१८ अशा लागोपाठ तीन बढत्या मिळवून संघ सेरी एमध्ये परतला. शेवटची बढती १८ मे २०१८ ला स्पेझियाच्या मैदानावर पक्की झाली आणि चाळिशीतल्या लुकारेल्लीने तिथेच बूट उतरवले. वर पोचल्यावर एक हंगाम खेळायचा मोहसुद्धा त्याने ठेवला नाही.

आंतोनियो दी नाताले नापोली शहराकडचा, पण खेळला उदिनेमध्ये. २००९-१० ला २९ गोल करून लीगमध्ये पहिला आला. उन्हाळ्यात युव्हेंटसचं बोलावणं आलं, त्याने नाकारलं आणि पुढच्या हंगामात २८ गोल करून पुन्हा पहिला आला.

आणि सेर्जो पेलिस्सिए. किएव्हो हा व्हेरोना शहराचा एक कोपरा, तिथला क्लब वर्षानुवर्षं सेरी एमध्ये टिकला. पेलिस्सिएने त्यांच्यासाठी सेरी एमध्ये ११२ गोल केले आणि २०१९ ला निवृत्त झाला. २०२१ मध्ये पैशांच्या गोंधळामुळे क्लबला सेरी बीत प्रवेश नाकारला गेला आणि सगळं संपलं. तेव्हा पेलिस्सिएने नवा क्लब काढला आणि अगदी तळाच्या गावपातळीच्या लीगपासून सुरुवात केली. २०२४ मध्ये जुन्या क्लबचं नाव आणि बोधचिन्ह लिलावात निघालं, ते त्याच्या क्लबने घेतलं. आता तो संघ पुन्हा किएव्हो नावाने खेळतो. खेळून झाल्यावरही क्लबसाठी एवढं करणारा दुसरा खेळाडू मला आठवत नाही.

८. तोत्तीने रेआल माद्रिदला नकार देऊन स्वतःचं नुकसान नाही का केलं? एकच स्कुदेत्तो मिळाला.

चषकांच्या हिशेबात नक्कीच केलं. पैशांच्या हिशेबात फारसं नाही. रोमाने त्याला उत्तम मोबदला दिला, तेव्हा त्याने हालअपेष्टा सोसल्या असं कुणी समजू नये. पण माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीग मिळाली असती, कदाचित बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही. ते त्याने सोडलं.

मिळालं काय, तर २००१ ची १७ जून. पार्माला ३-१ हरवून रोमाने लीग जिंकली, पहिला गोल तोत्तीचा. रोममध्ये जन्मलेला, लहान असताना मिलानने मागणी घातली तरी आईने शहराबाहेर न पाठवलेला मुलगा, घरच्या मैदानावर, कप्तान म्हणून. रोमाच्या चाहत्यांसमोर त्या एका स्कुदेत्तोची माद्रिदच्या पाचांशी तुलना करून बघा, कुणी ऐकूनही घेणार नाही.

फ्लोरेन्सला तर एवढंही लागलं नाही. जांकार्लो अंतोन्योनी पंधरा वर्षं फियोरेंटिनाकडून खेळला, मोठं म्हणावं असं एकच इटालियन कप मिळालं, १९७५ चं. १९८२ ला लीग एका गुणाने हुकली, तीही युव्हेंटसकडे गेली. तरी फ्लोरेन्समध्ये आजही तो 'एकमेव १० नंबर'च आहे.

९. माल्दिनीला शेवटच्या सामन्यात स्वतःच्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या, हे खरं का?

खरं आहे. २४ मे २००९, सान सिरो, रोमाविरुद्ध. मिलान २-३ हरलं. सामन्यानंतर तो मैदानाला फेरी मारत होता, सगळं स्टेडियम उभं होतं. कुर्वा सूद, म्हणजे दक्षिणेकडच्या गॅलरीसमोर पोचला तेव्हा तिथल्या कट्टर गटाने शिट्ट्या सुरू केल्या. बारेसीची ६ क्रमांकाची प्रचंड जर्सी फडकावली, 'कप्तान एकच, बारेसी' अशा घोषणा दिल्या. ज्यांच्यामुळे श्रीमंत झालास त्यांचा तू मान राखला नाहीस, अशा अर्थाचा फलकही होता.

वाद जुना होता. २००५ मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना हरून संघ परतला तेव्हा या गटाने विमानतळावर खेळाडूंना जाब विचारला. माल्दिनीने त्यांना सुनावलं. संघटित चाहत्यांची मर्जी सांभाळायला तो कधीच गेला नाही. त्या रात्रीही, मी त्यांच्यातला नाही याचा अभिमान वाटतो, असं तो म्हणाला.

माझं मत स्पष्ट आहे. त्या गटाने मिलानच्या इतिहासाला डाग लावला. पाच युरोपियन कप आणि सात स्कुदेत्तो नंतर बघू. ज्याच्या बापाने, चेझारे माल्दिनीने, १९६३ मध्ये मिलानचा पहिला युरोपियन कप उचलला, त्या घरातल्या माणसाला क्लबचा मान राखायला शिकवणारे हे कोण? आठवड्याने तो फ्लोरेन्सला शेवटचा सामना खेळला. तिथल्या प्रेक्षकांनी, प्रतिस्पर्ध्याच्या प्रेक्षकांनी, उभं राहून त्याला निरोप दिला.

१०. दोनारुम्मावर एवढा राग, मग नेस्तावर का नाही? दोघांनीही क्लब सोडलाच ना?

नेस्ताने सोडला नाही, त्याला विकलं. आलेस्सांद्रो नेस्ता रोममध्येच वाढलेला, लाझिओचा कप्तान, २००० चा स्कुदेत्तो त्याच्या हातात. क्लब कर्जात बुडाला आणि ३१ ऑगस्ट २००२ ला, खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, त्याला मिलानला दिलं. लाझिओच्या चाहत्यांचा राग मालकावर निघाला, नेस्तावर नाही.

दोनारुम्माला मिलानने सोळाव्या वर्षी गोलमध्ये उभं केलं. लहानपणापासून याच क्लबचा चाहता, म्हणून लोकांनी त्याला मनात आधीच झेंडा करून टाकलं होतं. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याने नवा करार नाकारला आणि पोलंडमध्ये २१ वर्षांखालील युरो स्पर्धेत त्याच्या गोलपाशी खोट्या डॉलरच्या नोटांचा पाऊस पडला. तेव्हा त्याने पुढे सही केली. पण २०२१ ला करार संपवून तो पॅरिसला गेला आणि मिलानच्या हाती छदामही आला नाही. त्याच ऑक्टोबरात सान सिरोवर तो इटलीकडून उतरला तेव्हा त्याची हुर्यो उडवली गेली. तो युरोविजेता होता, तरीही. देशाच्या जर्सीतल्या खेळाडूची हुर्यो मला पटत नाही. मात्र क्लबला मोबदला न मिळता जाणं लोकांना का झोंबलं, ते कळतं.

११. रोबेर्तो बाज्जो तर क्लब बदलत राहिला. त्याच्यावर सगळ्यांचंच प्रेम कसं?

हा खरा अपवाद. फियोरेंटिना, युव्हेंटस, मिलान, इंटर, सगळीकडे खेळला. पण १९९० मध्ये त्याला युव्हेंटसला विकलं ते फ्लोरेन्समध्ये कुणालाच नको होतं. रस्त्यांवर दंगल झाली. एप्रिल १९९१ मध्ये तो युव्हेंटसकडून फ्लोरेन्सला आला, पेनल्टी मिळाली आणि त्याने ती मारायला नकार दिला. दुसऱ्याने मारली, ती अडवली गेली. नंतर बदली होऊन बाहेर जाताना प्रेक्षकांतून पडलेला फियोरेंटिनाच्या रंगाचा जांभळा मफलर त्याने उचलला. तेवढ्यावर फ्लोरेन्सने त्याला कायमचं ठेवून घेतलं. शेवटची चार वर्षं तो ब्रेशियात खेळला, तिथे त्याच्यानंतर १० क्रमांक निवृत्त केला गेला.

१२. क्लबनेच खेळाडूला नको म्हटलं तर?

असं बरेचदा होतं आणि चाहते ते क्लबला माफ करत नाहीत. देल पिएरोचा हा शेवटचा हंगाम, हे ऑक्टोबर २०११ मध्ये युव्हेंटसच्या अध्यक्षाने भागधारकांच्या सभेत जाहीर करून टाकलं. १३ मे २०१२ ला आतालांताविरुद्ध त्याने गोल केला, दुसऱ्या अर्धात बदली झाली, आणि सामना चालू असतानाच तो मैदानाच्या कडेने फेरी मारू लागला. वरून मफलर पडत होते, तो एकेक उचलत होता. आत चेंडू कुठे आहे याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दे रोस्सीला २०१९ मध्ये, ६१६ सामन्यांनंतर, रोमाने करार वाढवून दिला नाही. तो काही महिने बोका ज्युनियर्सकडे गेला, जानेवारी २०२० मध्ये निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात म्हाताऱ्याचा मेकअप करून रोमा-लाझिओ सामना बघायला कुर्वा सूदमध्ये जाऊन उभा राहिला. कुणी ओळखलं नाही. २०२४ मध्ये तो रोमाचा प्रशिक्षक झाला. सप्टेंबरमध्ये, नव्या हंगामाच्या अवघ्या चार सामन्यांनंतर, त्याला काढलं, तेव्हा चाहत्यांचा असा भडका उडाला की क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागला.

१३. कुणाकुणाचे जर्सी क्रमांक निवृत्त केले आहेत?

मिलानमध्ये बारेसीचा ६ आणि माल्दिनीचा ३ (हा फक्त त्याच्या मुलांसाठी खुला). इंटरमध्ये फाक्केत्तीचा ३, काल्यारीत रिवाचा ११. तोत्तीचा १० अधिकृतपणे निवृत्त केलेला नाही, पण त्याच्यानंतर तो कुणी घातलेला नाही.

१४. यांच्यापैकी कुणी भारतात खेळलं का?

हो. २०१४ च्या पहिल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) देल पिएरो दिल्ली डायनामोजकडून खेळला, चाळिशी गाठता गाठता. नेस्ता त्याच हंगामात चेन्नईयिनकडे होता, तिथे मार्को मातेराझी खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता. आपल्या एफसी पुणे सिटीत फियोरेंटिनाची भागीदारी होती, प्रशिक्षक फ्रांको कोलोम्बा इटालियन आणि पुढच्या फळीत त्रेझेगे, प्रश्न ६ मधलाच. म्हणजे सेरी बीत एकत्र उतरलेले दोघे आठ वर्षांनी भारतात समोरासमोर. मातेराझीच्या चेन्नईयिनने डिसेंबर २०१५ मध्ये फातोर्ड्याला अंतिम सामन्यात एफसी गोवाला ३-२ हरवलं, ते गोव्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

१५. आता असे खेळाडू उरलेच नाहीत का?

कमी झाले. बोसमान हे एक कारण (प्रश्न ५). दुसरं म्हणजे इंग्लंडच्या लीगचा पैसा, ज्याच्यापुढे इटलीतले मोठे क्लबही विकणारे झाले. स्वतःच्या अकादमीत घडलेला मुलगा विकला की ताळेबंदात जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून दिसते. म्हणजे घरचा मुलगा विकण्याचा मोहच सर्वांत मोठा. पंचवीस जणांच्या यादीत क्लबनेच घडवलेले चार खेळाडू हवेत असा नियम आहे, पण त्याने खेळाडू यादीत येतो, वर्षानुवर्षं टिकतोच असं नाही.

तरी दोमेनिको बेरार्दीकडे बघा. २०१२ पासून सासुओलोत. मोठ्या क्लबांची नावं दर उन्हाळ्यात त्याच्याशी जोडली जायची. मार्च २०२४ मध्ये घोट्यामागची शीर तुटली, त्याच हंगामात संघ खाली गेला. तो सेरी बीत खेळला आणि २०२५ ला संघ परत चढला तेव्हा त्याच हिरव्या-काळ्या जर्सीत होता.

१६. मी नवीन आहे. नेमकं काय बघू?

दोन जुने सामने. रोमा-तोरिनो, २० एप्रिल २०१६: एकोणचाळीस वर्षांचा तोत्ती ८६ व्या मिनिटाला येतो, संघ १-२ मागे, आणि तीन मिनिटांत दोन गोल करतो. मग रोमा-जेनोआ, २८ मे २०१७, त्याचा शेवटचा. सामना संपल्यावर बंद करू नका. तो कागद काढून पत्र वाचतो, भीती वाटतेय असं सरळ सांगतो. त्याने एका चेंडूवर 'तुझी आठवण येईल' असं लिहून तो कुर्वा सूदमध्ये मारला, तेही बघा.

चालू सामने बघायचे असतील तर तिकडचा पावणेनऊचा सामना उन्हाळी वेळेत आपल्याकडे रात्री सव्वाबाराला लागतो. ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर सव्वाला.